दीड जगाचं टेबल

त्या घरात जग दीड होतं, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

त्याचं असं झालं. बाबांचं सीट कव्हरचं दुकान. मोटारींच्या सीटा, दवाखान्यातली बाकडी, न्हाव्याच्या खुर्च्या. जिथे म्हणून माणूस बूड टेकतो, तिथे बाबांचा हात लागलेला. दुकान खाली, घर वर. धाकटी अजून रांगत होती तेव्हा एका व्यापाऱ्याने बाबांच्या गळ्यात प्लॅस्टिकच्या कापडाचा एक तागा मारला. त्यावर जगाचा नकाशा छापलेला. आता सीटला असलं कापड कोण लावून घेणार? जगावर बसायची हौस कुणाला असते? तागा माळ्यावर गेला आणि त्यातला एक लांबडा तुकडा जेवणाच्या टेबलावर आला.

टेबल सात फुटी. नकाशा मात्र साडेचार फुटांत संपायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा, फुलाफुलांच्या कापडावर तीच फुलं परत येतात तसा. बाबांनी कात्री चालवली ती टेबलाच्या मापाने, जगाच्या मापाने नाही. म्हणून डाव्या टोकाला अर्ध्यातूनच आशिया सुरू व्हायचा, त्याच्या पायाशी ऑस्ट्रेलिया, मग पॅसिफिक, दोन्ही अमेरिका, ॲटलांटिक, युरोप-आफ्रिका, पुन्हा आशिया, पुन्हा ऑस्ट्रेलिया, पुन्हा पॅसिफिक, आणि उजव्या टोकाला अमेरिकेचा काठ दिसतो न दिसतो तोच कापड टेबलाखाली दुमडून बारीक खिळ्यांनी ठोकलेलं. खिळे अगदी सरळ रेषेत. बाबांचं काम ते.

प्रत्येकाची जागा ठरलेली. डाव्या टोकाला, जिथून जग सुरू होतं, तिथे बाबा. त्यांच्या लगत पहिल्या ऑस्ट्रेलियावर दादा. त्याच रांगेत पार पुढे, दुसऱ्या ऑस्ट्रेलियावर धाकटी. दोघांच्या मधे आफ्रिका, तिच्यावर भांडी. सहाराच्या वाळवंटात कुकरच्या बुडाचं काळपट वर्तुळ कायमचं उमटलेलं. समोरच्या बाजूला आई आणि बाबांची बहीण, म्हणजे आत्या. आई रशियात, कारण तिथून स्वयंपाकघर जवळ. आत्या ग्रीनलँडवर, कारण तिला ऐसपैस लागायचं, आणि रशिया आईकडे गेल्यावर त्या कापडावर ग्रीनलँडएवढं ऐसपैस दुसरं काही नव्हतं. या दोघींना सगळं जग उलटं दिसायचं. आत्याची त्यामुळे ठाम समजूत होती की दक्षिण ध्रुव वर असतो आणि थंडी तिथून खाली उतरते.

बाबा शाळेत फार दिवस टिकले नाहीत. जेवढे दिवस होते तेवढे बाकावर कमी आणि बाकाखाली जास्त, तो ठोकलाय कसा ते बघत. पुढे आयुष्यभर त्यांनी माणसं वाचली ती बसण्यावरून. काठावर बसतो तो पळणारा. पाठ टेकून बसतो तो भरवशाचा. आणि बसल्या बसल्या रेक्झिनला नखं लावतो, त्याला देवसुद्धा सुधारू शकत नाही. कुणाच्याही घरी गेले की हात आपसूक सोफ्याच्या खाचेत जायचा. एकदा दंतवैद्याच्या बाकड्याच्या खाचेतून त्यांनी अर्धी कवळी काढली आणि ती कुणाची हे विचारत सगळा दवाखाना पालथा घातला. दंतवैद्य म्हणे, राहू द्या हो, मी त्यांना नवी बसवली. बाबा म्हणे, मग जुनीवर कोण बसणार?

असा माणूस. आणि या माणसाचं जगाचं ज्ञान सगळं त्या टेबलावरून आलेलं. बातम्यांत ऑस्ट्रेलिया काल जिंकला आणि आज हरला असं आलं, की बाबा घास थांबवून समजावून सांगायचे: दोन आहेत ना, एक जिंकतो, एक हरतो. जगात तीच ती गोष्ट परत का येते, असं कुणी विचारलं तर त्यांचं उत्तर तयार होतं. लांब कापडावर डिझाइन परत येतंच. न येऊन सांगतंय कुणाला?

धाकटी शाळेत गेली आणि भूगोलाच्या पहिल्याच परीक्षेत तिने लिहिलं, ‘जगात दोन ऑस्ट्रेलिया आहेत, अलीकडचा आणि पलीकडचा. पलीकडच्याला चहाचा डाग आहे.’ बाईंनी ते उत्तर वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. वर्ग हसता हसता बाकांवरून खाली आला. धाकटी घरी आली ती बाबांना सगळं सुनवायचं ठरवून. पण त्या दिवशी बाबा टेबलाच्या कापडाची कोपऱ्यातली उसवलेली पायपिंगची किनार वाकडी सुई घेऊन शिवत होते, आणि म्हणाले, ये, तुझ्याच देशाची दुरुस्ती चाललीय. तिने दप्तर खाली ठेवलं. तेव्हापासून तिचा नियम झाला: शाळेत एक, घरी दोन.

दादाला ते कधी कळलं, कळलं की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. त्याला फक्त आपला ऑस्ट्रेलिया खरा आणि तिचा नकली, एवढं महत्त्वाचं होतं.

मोठी झाल्यावर धाकटीच दुकान बघू लागली. मापं तिची, गिऱ्हाईक तिचं, तारखा तिच्या. अशीच एका शाळेच्या प्रयोगशाळेतल्या स्टुलांची मापं घ्यायला ती गेली आणि तिथल्या भूगोलाच्या मास्तरांना उठा म्हणाली. मास्तर उठले. मग कुठलं ना कुठलं स्टूल फाटू लागलं. स्टुलं संपली तेव्हा दोघांनी लग्न करायचं ठरवलेलं होतं.

धाकटीने घरी सांगितलं. बाबांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. खडू कानावर ठेवला आणि म्हणाले, जेवायला बोलव.

तेच तिला नको होतं. कारण त्या टेबलावर पूर्वी एक विम्याचा एजंट जेवला होता. पानावर बसल्या बसल्या तो हसला आणि म्हणाला, हा नकाशा गंडलाय हो तुमचा. बाबांनी त्याला पोटभर वाढलं. पण त्यानंतर त्या माणसाच्या गाडीच्या सीटला त्यांनी हात लावला नाही. तो अजून स्प्रिंगवर बसून गाडी चालवतो.

तिने मास्तरांना सगळं पढवलं. जेवायचं, छान झालंय म्हणायचं, टेबलाबद्दल बोलायचं नाही.

मास्तर म्हणाले, “पण मी भूगोल शिकवतो गं. दोन ऑस्ट्रेलिया कसे म्हणू?”

“म्हणू नकोस. नुसता गप्प बस. गप्प बसण्याने कुठला खंड बुडत नाही.”

“आणि त्यांनी विचारलं तर?”

“तर खोकला काढ.”

मास्तर आले. त्यांना उजव्या टोकाला, जिथे अमेरिका दुमडलेली होती तिथे बसवलं, बाबांच्या बरोब्बर समोर. मास्तर पाठ टेकून बसले. धाकटीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी ते पाहिलं होतं.

सुरुवात आत्याने केली. भाताचं पातेलं हातात घेऊन ती आईला म्हणाली, हे त्या आफ्रिका देशावर ठेव. मास्तरांनी पाण्याचा घोट घेतला. मग दुसरा घेतला. पण शिकवायची सवय ही उचकीसारखी, दाबावी तेवढी वर येते. ते अगदी नम्रपणे म्हणाले, की आफ्रिका देश नाही, खंड आहे, त्यात पन्नासच्या वर देश आहेत, आणि या एका पातेल्याखालीच सहा-सात असतील. धाकटीने टेबलाखालून पाय मारला. तो आईला लागला. पण आत्या खूश झाली. इतकी वर्षं आपण एकाच वेळी सहा-सात देशांवर भात ठेवत होतो, याचं तिला भारीच वाटलं.

मग आईने विचारून घेतलं. इंग्लंड म्हणतात, ब्रिटन म्हणतात, यूके म्हणतात, एकाच माणसाची तीन नावं का? मास्तर राजाराण्यांपासून सुरू झाले आणि तिसऱ्या राजापाशी आईचं लक्ष डाळीकडे गेलं. शेवटी धाकटी मध्ये पडली.

“आई, सोफा सेट समज. इंग्लंड म्हणजे नुसती बैठक. स्कॉटलंड पाठ, वेल्स हात. तिन्ही मिळून ग्रेट ब्रिटन, अख्खा सोफा. शेजारी दुसरा सोफा आहे, आयर्लंड. त्याची वरची एक उशी यांच्या सेटमध्ये धरली की झालं यूके. तो बाकीचा सोफा वेगळ्या मालकाचा. त्याला यांचं कव्हर घालायला गेलं तर तो उठून भांडतो.”

बाबांनी मान डोलावली. “उशी मॅचिंग, सोफा दुसऱ्याचा. येतात अशा ऑर्डरी.” मग त्यांनी आपला एक जुना सल बाहेर काढला. हॉलंड. लोक बोलतात, पण कापडावर नाही. मास्तर म्हणाले, देशाचं नाव नेदरलँड्स; हॉलंड हे त्याच्या बारा प्रांतांपैकी दोनांचं नाव आहे. “म्हणजे दोन उशांच्या नावाने सगळ्या सोफ्याला हाक,” बाबा म्हणाले आणि स्वतःच्या हाताने मास्तरांना भाजी वाढली.

धाकटीला हायसं वाटलं. एवढ्यात आत्या फुशारकीने म्हणाली, की ती बसते तो ग्रीनलँड आफ्रिकेएवढाच आहे, बोटाने मोजून बघा. आणि मास्तरांचा पाय पुन्हा घसरला. त्यांनी सांगितलं, आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. पृथ्वी गोल, कापड सपाट. सपाट करताना ध्रुवाजवळचं सगळं ताणलं जातं, फुगतं. शिवाय ग्रीनलँड हा काही वेगळा देश नाही, डेन्मार्कच्या राज्यात येतो.

आत्याने हातातली वाटी खाली ठेवली. आत्या नवरा गेल्यापासून भावाच्या घरी राहत होती.

“म्हणजे,” ती म्हणाली, “मी फुगलेली, आणि वर आश्रित.”

मास्तरांचे कान लाल झाले. “नाही हो आत्या. घरचा कारभार सगळा त्यांचा ते बघतात. डेन्मार्क त्यात तोंड घालत नाही.”

आत्याने आईकडे पाहिलं. “हे जरा मोठ्याने सांगा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे.”

बाबा हसले. जेवताना ते क्वचितच हसत. आणि त्या हसण्याच्या भरातच त्यांनी विचारलं, अगदी प्रेमाने, की मास्तर, तुम्हाला एवढं ठाऊक आहे तर या दोन पोरांचं भांडण एकदाचं मिटवा. हा ऑस्ट्रेलिया मोठा की तो?

दादा हात पुसून सावरून बसला. आई वाढायची थांबली. धाकटीने मनातल्या मनात म्हटलं, सारखे म्हण. दोन्ही सारखे म्हण. ते खोटंही नाही.

मास्तरांनी खोकायला तोंड उघडलं. खोकला आला नाही.

“काका,” ते म्हणाले, “ऑस्ट्रेलिया एकच आहे.”

बाबांनी घास ताटात ठेवला. रागावले नाहीत, गिऱ्हाईक चुकीचं माप सांगतं तेव्हा जसे शांत होत तसे शांत झाले. “मास्तर, कोरिया किती?”

“दोन.”

“काँगो?”

“दोन.”

“सुदान?”

“आता दोन. आधी एक होता, दक्षिण सुदान वेगळा झाला.”

“गिनी?”

मास्तरांनी बोटं मोजली. “तीन. गिनी, गिनी-बिसाऊ, इक्वेटोरियल गिनी. आणि पापुआ न्यू गिनी धरला तर चार, पण तो तिकडे लांब, पॅसिफिकमध्ये.”

“चार गिनी चालतात,” बाबा म्हणाले, “पण माझ्या मुलीला एक ऑस्ट्रेलिया जास्त झाला?”

दादाने कौतुकाने मान हलवली. ते वेगळे देश, त्यांची सरकारं वेगळी, राजधान्या वेगळ्या, असं मास्तर बोलत राहिले. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, दुसऱ्या ऑस्ट्रेलियाची राजधानी कुठली ते तुम्ही कधी जाऊन पाहिलंय का? नाही ना पाहिलं? मग नाही कशावरून?

धाकटीला दिसत होतं की दोघंही आता मागे फिरणार नाहीत. बाबा नाही म्हणतील, आणि ते नाही म्हणजे कायमचं. स्प्रिंगवर बसलेला एजंट तिच्या डोळ्यांसमोरून गाडी चालवत गेला. आणि मास्तर खोटं बोलणार नाहीत. याच गोष्टीसाठी तर तिने त्यांना पसंत केलं होतं, आणि हीच गोष्ट आत्ता त्यांना घेऊन बुडत होती.

मास्तर म्हणाले, “काका, पृथ्वी गोल आहे. सरळ जात राहिलं तर माणूस फिरून त्याच ऑस्ट्रेलियावर येतो.”

“तेच सांगतोय मी. परत येतो.”

“परत तोच येतो. दुसरा नाही.”

“मग चेंडूला कव्हर घालून बघू,” धाकटी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिने एवढंच सांगितलं, की खाली दुकानात व्यायामाचा तो मोठा रबरी चेंडू आलाय, बरोब्बर साडेचार फूट घेराचा, दवाखान्यातला, पाठीच्या पेशंटांना ज्यावर बसवतात तो. माळ्यावर याच कापडाचा तागा आहे. बाबा माप घेतील. मास्तरांनी बोलायचं नाही, बाबांनीही नाही. कापड बोलेल.

उष्ट्या हातांनी सगळी मंडळी जिना उतरली. दादाने तागा काढला, त्याच्याबरोबर इतक्या वर्षांची धूळही उतरली. चेंडू कटिंगच्या टेबलावर ठेवला. तो घरंगळू नये म्हणून आईने दोन्ही हातांनी धरला, आणि आत्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली, कारण तिचा पाहुण्यावरचा राग अजून पुरता गेला नव्हता आणि खाली उतरली असती तर त्यांच्यासमोरच बसावं लागलं असतं.

बाबांनी हात धुतले. कापड चेंडूच्या पोटावरून फिरवायला घेतलं. पहिला ऑस्ट्रेलिया अंगठ्याखाली दाबून धरला, मग पॅसिफिक, अमेरिका, ॲटलांटिक, आफ्रिका, आशिया असं सगळं फिरून कापड जिथून निघालं तिथेच आलं. दुसरा ऑस्ट्रेलिया पहिल्यावर येऊन बसला. जवळपास नाही, काठाला काठ, अक्षराला अक्षर.

बाबा वाकले. चष्मा कपाळावर सरकवला. नखाने जोड चाचपला, जसा ते कुणाच्याही कामातला जोड चाचपत, त्यात खोट काढायला. खोट निघेना. वरच्या बाजूला मात्र कापड गोळा होऊन चुण्याच चुण्या पडल्या होत्या. त्यांनी चुण्या एकेक करून चिमटीत धरल्या, टाचण्या लावल्या, जास्तीचं कापड आत दुमडत गेले, आणि ग्रीनलँड हळूहळू तळहाताएवढा झाला.

“कापायला लागणार,” ते आत्याला म्हणाले.

“काप,” आत्या म्हणाली. “कारभार माझ्याकडे राहू दे म्हणजे झालं.”

बाबा स्टुलावर बसले. बराच वेळ ते त्या जोडाकडेच बघत होते. आयुष्यभर त्यांनी चेकच्या कापडात रेषेला रेषा आणि फुलाला फूल जुळवलं होतं, त्यासाठी रात्रीचा दिवस केला होता, आणि असा जोड त्यांच्याही हातून दोन-चारदाच बसला होता. मास्तर एका कोपऱ्यात उभे होते. त्यांनी काही म्हणायला तोंड उघडलं तशी धाकटीने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते पुन्हा मिटलं.

“माप चुकलं माझं,” बाबा म्हणाले. “डिझाइन इथे तोडायचं होतं.”

दादाला हे सहन झालं नाही. तो म्हणाला, म्हणजे मी आणि ही लहानपणापासून एकाच जागेवर बसून जेवतोय? मास्तरांनी जड अंतःकरणाने हो म्हटलं. दादाने धाकटीकडे असं पाहिलं, जणू तिने इतकी वर्षं त्याच्या ताटात हात घातला होता.

पण बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच चाललं होतं. त्यांनी बोटाने वरचा ऑस्ट्रेलिया उचलला, खालचा पाहिला, पुन्हा वरचा त्यावर ठेवला. मग त्यांनी मास्तरांना जवळ बोलावलं.

“एक नीट सांगा. हा त्याच्यावर बसतो म्हणजे दोन्ही एकच. बरोबर?”

“बरोबर.”

“म्हणजे ही तिकडून उठून गेली, तरी जागा रिकामी पडत नाही. हा बसलेला असतोच तिथे.”

मास्तर भूगोलाचे. त्यांना या प्रश्नातलं भूगोलाचं काही सापडेना. धाकटीला सापडलं. तिला एकदम कळलं की बाबांनी हो का म्हटलं नव्हतं, आणि नाही का म्हटलं नव्हतं. तिला बोलायचं होतं, पण जो खोकला मास्तरांना हवा तेव्हा आला नव्हता तो तिला आला.

“नाही पडत, काका,” मास्तर तिच्याकडे बघून म्हणाले. “आणि ती सरळ चालत राहिली तरी फिरून इथेच येणार. पृथ्वी तशीच आहे.”

“मग ठीक आहे,” बाबा म्हणाले. त्यांनी कानावरचा खडू काढला, आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारत तसं विचारलं, “तारीख कधीची हवी?”

मास्तर पुढच्याच महिन्याचं काहीतरी बोलायला लागले. पण तारखा धाकटीच्या हातात. तिने डोळे पुसले आणि म्हणाली की पुढचा महिना जमायचा नाही, बसच्या सीटांचं मोठं काम आलंय, त्यानंतर बघू.

“ऐकलंत मास्तर?” बाबा म्हणाले. “घाई केलीत तर शिवण उसवते.”

वर भात थंड झाला होता. आई तो गरम करायला निघाली. तिने चेंडू सोडला, आणि टाचण्या लावलेलं सगळं जग कटिंगच्या टेबलावरून गडगडत जिन्याकडे गेलं. आत्याने ते पायाने अडवलं.